देवलांच्या हरिपूरला पूर्ण दिवस द्या

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरला की एक दिवसाच्या सहलींच्या जाहिराती सुरू होतात. त्यांत सांगलीजवळच्या हरिपूरचं नाव दिसलं की मला मनापासून बरं वाटतं. नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचं गाव बघायला लोक पैसे भरून येतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण ते गाव दाखवतात कसं, याबद्दल चार शब्द लिहायला हवेत, आणि नवा मोसम सुरू व्हायच्या आत लिहायला हवेत, म्हणून हे पत्र.

मी इचलकरंजीचा. यंत्रमाग कारखान्यात दिवाणजी म्हणून नोकरी केली आणि रात्री हौशी संगीत नाटकांना ऑर्गनची साथ केली. नोकरी संपली, साथ अजून चालू आहे. देवलांच्या 'शारदा' आणि 'संशयकल्लोळ' या दोन नाटकांच्या साथीला मी किती वेळा बसलो, याची नोंद ठेवलेली नाही. साथीदाराला नाटक आतून कळतं. देवलांच्या पदात शब्द इतका पुढे असतो की पायाखालचा भाता जरा जोरात हलला तरी अर्थ झाकला जातो. गाणाऱ्या मुलीला मी नेहमी सांगतो, बाई, इथं तान नको, इथं बोल. असं लिहिणारा माणूस कुठल्या मातीत वाढला, हे बघायची ओढ मला फार आहे. म्हणूनच बाहेरगावच्या एका कंपनीनं काढलेल्या सहलीत मी नाव घातलं. कंपनीचं नाव घेत नाही. मला तक्रार नोंदवायची नाही, सुधारणा हवी आहे.

सकाळ उत्तम गेली. सांगलीत गणपतीचं दर्शन, मग गणेशदुर्गातला राजवाडा. 5 नोव्हेंबर 1843 रोजी सांगलीचे राजे चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, मराठी नाटकाची सुरुवात आपण तिथून मोजतो. भागवत मेळ्यांचा कानडी खेळ बघून आप्पासाहेबांना वाटलं की आपल्या भाषेत असं काही व्हावं, आणि त्यांनी आपल्या पदरच्या तरुणाला कामाला लावलं. राजाश्रय सुटल्यावर हेच भावे मंडळी घेऊन गावोगाव खेळ करत फिरले, 1853 मध्ये मुंबईत पोचले. मार्गदर्शक मुलानं हे सगळं नीट सांगितलं. नाटककार खाडिलकर सांगलीचेच, हेही सांगितलं. त्यांचं 'कीचकवध' आणि त्यावर इंग्रज सरकारनं घातलेली 1910 ची बंदी याबद्दल तो बोलू लागला तेव्हा बसमधली कॉलेजची मुलंसुद्धा मोबाइल खाली ठेवून ऐकत होती. पोराला आवाज आहे, आवड आहे.

तिथून पुढे वेळापत्रक ढासळलं. खरेदीचा थांबा आला, मग जेवणाचा लांबलेला थांबा, मग ऐनवेळी घुसवलेलं आणखी एक देवस्थान. परतताना उसाच्या ट्रॉल्यांमागे बस अडकली. हरिपूरच्या रस्त्याला लागलो तेव्हा उन्हं कलली होती. तो चिंचेच्या झाडांचा रस्ता, बागेतला गणपती, सगळं खिडकीतूनच गेलं. संगमेश्वरापाशी बस थांबली आणि घोषणा झाली, "अर्धा तास. दर्शन, फोटो, आणि परत." ज्याच्या नावावर सहल विकली त्याच्या वाट्याला दिवसातला अर्धा तास आला, त्यातही देऊळ धरून.

सांगलीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या या गावात बघायला काय आहे, असं कुणी विचारेल. कृष्णा आणि वारणा यांचा संगम आहे. संगमेश्वराचं जुनं देऊळ आहे, श्रावणातल्या सोमवारी तिथं जत्रा भरते. नदीकाठी पार आहे आणि याच पारावर बसून देवलांनी 'शारदा' लिहिलं, असं गावात पिढ्यान् पिढ्या सांगतात. जमिनीच्या पोटात हळद साठवायची पेवं आहेत. एवढं एका दिवसाला पुरेसं आहे, अट एकच, देवल हातात धरून ते बघायचं.

उदाहरण देतो. 'शारदा'त पैशाच्या लोभानं कांचनभट आपली कोवळी पोर म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघतो. लग्न ऐनवेळी मोडतं, कारण वधूवर सगोत्र निघतात. मग अर्धवट लग्नाची ती मुलगी जीव द्यायला नदीवर जाते आणि कोदंड हा तरुण तिला मागे ओढतो. हा प्रवेश मी विंगेजवळ बसून कितीदा पाहिला आहे, पण पाठीमागे रंगवलेला पडदा असायचा. हरिपूरला खरा घाट आहे, खरं पाणी आहे. दोन नद्या जिथं मिळतात तिथं पाण्याचा रंगही दोन तऱ्हांचा दिसतो, आणि काठावरून बघताना पोटात कालवतं. देवलांचं बालपण या पाण्याशेजारी गेलं. घरच्या त्रासानं नदी जवळ केलेल्या बायका कुठल्या नदीकाठच्या गावानं पाहिल्या नाहीत? घाटाच्या पायरीवर उभं राहून तो प्रवेश कुणी दहा मिनिटं वाचून दाखवला, तर वेगळं व्याख्यान द्यावं लागणार नाही.

आमच्या सहलीत असं काहीसं घडलंही, ठरवून नव्हे. जयसिंगपूरच्या एक काकू बरोबर होत्या. तरुणपणी त्यांनी हौशी प्रयोगात इंदिराकाकूचं, म्हणजे शारदेच्या आईचं, काम केलेलं. पाराशी पोचताच त्यांनी चपला काढल्या, पाराला हात लावला आणि उभ्या उभ्याच 'म्हातारा इतुका न अवघे पाऊणशे वयमान' सुरू केलं. माइक नाही, पेटी नाही. मी तोंडानंच सूर धरला. देवळातून परतणाऱ्या गावातल्या बायका थांबल्या. पहिल्यांदा तोंडाला पदर लावून हसल्या, पदच तसं आहे. पाऊणशे वयाचा नवरा काही फार म्हातारा नाही, हे ऐकून कोण हसणार नाही? पण त्यांतल्या सगळ्यांत वयस्कर बाई हसल्या नाहीत. पद संपल्यावर त्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, "ह्ये आमच्या देवलांचंच न्हवं? माझ्या आज्जीला नवव्या वर्षी बिजवराला दिल्याली. तिला ह्यातलं एक गाणं येत हुतं. जात्यावर म्हणायची."

कोणतं गाणं, हे विचारायला मी तोंड उघडलं आणि बसचा हॉर्न वाजला. एकदा, दोनदा, मग लांब. सगळे पळाले. काकूंच्या हातात चपला तशाच.

त्या हॉर्नचा मला आजही राग आहे. 'शारदा'चा पहिला प्रयोग 1899 च्या जानेवारीत झाला. रंगमंचावरचं पद नदीकाठच्या एका घरात जात्यावर कसं गेलं, ते सांगणारी बाई समोर उभी होती. नाट्यसंगीताच्या पुस्तकांत हे सापडत नाही. ते घेण्यासाठी पाच मिनिटं हवी होती, आणि खरेदीच्या थांब्याला आम्ही तासभर दिला होता.

आता माहितीबद्दल. सकाळी इतकं छान बोललेल्या त्या मुलानं हरिपुरात दोन गोष्टी चुकीच्या सांगितल्या. 'शारदा'चा पहिला प्रयोग याच गावात झाला, ही एक. तो इंदूरला झाला, किर्लोस्कर नाटक मंडळीनं केला. दुसरी चूक महाराष्ट्रात फार पसरलेली आहे. 'शारदा' नाटकामुळे सरकारनं शारदा कायदा केला, असं तो म्हणाला. बालविवाह प्रतिबंधक कायदा 1929 चा. तो मांडला अजमेरच्या हरबिलास सारडांनी, त्यांच्या आडनावावरून तो ओळखला गेला, आणि आपल्याकडे उच्चार बदलून तो नाटकाशी जोडला गेला. त्या कायद्यानं मुलीचं लग्नाचं किमान वय 14 आणि मुलाचं 18 ठरवलं. देवल तर 1916 मध्येच वारले होते. हे मी त्या मुलाला बाजूला घेऊन सांगितलं. त्यानं वहीत लिहून घेतलं आणि म्हणाला, "काका, मला कंपनीनं कागद दिला, तेच मी बोललो." त्याचा दोष नाही. कागद लिहिणाऱ्यानं तपासून लिहायला हवा होता.

देवलांना मोठं ठरवायला अशा कथांची गरज नाही. तीस वर्षं आधी, कुठलाही कायदा पाठीशी नसताना, या माणसानं जरठ-कुमारी विवाहावर अख्खं नाटक उभं केलं आणि ते तिकीट काढून बघायला लोक आले. त्यांची एकूण सात नाटकं. त्यांतली सहा संस्कृत किंवा परदेशी नाटकांवर बेतलेली, स्वतःच्या डोक्यातून आलेलं हे एकच. दुसऱ्याची कथा मराठी मातीत रुजवायचं कसब ज्याच्याकडे होतं, त्याला एकदा तरी स्वतःच्या भोवतालचंच काही सांगावंसं वाटलं, आणि ते हे निघालं. हरिपुरात उभं राहून सांगायची गोष्ट ही आहे. बेळगावच्या शाळेत अण्णासाहेब किर्लोस्करांच्या हाताखाली ते शिकले, पुढे त्यांच्याच मंडळीत नट झाले, तालीममास्तर झाले. पद कुठं गायचं आणि कुठं बोलायचं, हे मराठी नटांना शिकवणाऱ्यांत देवल अगदी पुढचे. मिरज इथून जवळच. तिथं 1905 मध्ये बालगंधर्व शकुंतला म्हणून पहिल्यांदा उभे राहिले. दिवस नीट आखला तर हा धागा सांगली, हरिपूर, मिरज असा सलग पकडता येतो आणि बसला फार धावावंही लागत नाही.

पेवांचं वेगळं लिहितो, कारण आमच्या सहलीत ती बघायची राहिलीच. मी नंतर एका ओळखीच्या शेतकऱ्याबरोबर जाऊन बघितली. वरून दिसतं ते माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड. आत वीस-पंचवीस फूट खोल, खाली रुंद होत गेलेलं. इथल्या मातीचा गुण असा की बाजूनं ओल येत नाही. भिंतीला पाला लावून आत हळद भरतात, वर झाकण, त्यावर माती. बंद केली की वर्षानुवर्षं कीड लागत नाही. उघडताना घाई चालत नाही. तोंड मोकळं करून वाट बघायची, कंदील खाली सोडायचा, ज्योत टिकली तरच माणूस उतरतो. विझली तर आत हवा नाही. हे सांगताना त्या शेतकऱ्याचा आवाज खाली आला, कारण घाई केलेल्यांचं काय झालं, ते त्याच्या आठवणीत होतं. 2005 च्या महापुरात पाणी शिरून कितीतरी पेवांतली हळद गेली. 2019 ला आणि 2021 ला नदी पुन्हा गावात आली. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ती साठवायची ही जुनी रीत मात्र मागे पडत चालली आहे.

नाटकाच्या सहलीत हळदीचं काय काम, असं म्हणू नये. 'शारदा' हे लग्नाच्या व्यवहाराचं नाटक आहे. मुलीला हळद लावायची की नाही, हे बापाच्या हातात किती पैसे पडतात त्यावर ठरतं. ज्या गावातून हळद बाजारात जाते, ज्या गावानं भाव, उधारी, साठा आणि सौदा रोज पाहिला, त्या गावातल्या लेखकाला लग्नाचा सौदा इतका बारकाईनं दिसावा, यात मला नवल वाटत नाही. हा माझा तर्क आहे, पण पेवाच्या तोंडाशी उभं राहिल्यावर तो मनातून जात नाही.

देवलांचं 'झुंझारराव' हे 1890 चं नाटक 'ऑथेल्लो'वरून घेतलेलं. त्या शेक्सपिअरच्या गावाचं, स्ट्रॅटफर्डचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धंच देतात. त्याचं जन्मघर 1847 मध्ये लिलावात निघालं तेव्हा लोकांनी वर्गणी काढून 3000 पौंडांना ते घेतलं आणि जपलं. हे खरंच. पण त्याच गावात शेक्सपिअरचं शेवटचं घर जिथं होतं, तिथल्या मालकानं येणाऱ्या-जाणाऱ्यांना कंटाळून आधी शेक्सपिअरनं लावलेलं म्हणून ओळखलं जाणारं तुतीचं झाड तोडलं, आणि 1759 मध्ये घरच पाडून टाकलं. सहली काढणाऱ्यांनी ही दुसरी गोष्ट आधी लक्षात ठेवावी. हरिपूर हे राहतं गाव आहे. अरुंद गल्लीत मोठी बस घुसवायची, कुणाच्या अंगणात उभं राहून फोटो काढायचे, पाराखाली पाण्याच्या बाटल्या टाकायच्या आणि गावात एक रुपयाही न ठेवता निघून जायचं, असं चाललं तर गाव एक दिवस दार लावून घेईल. मग त्याला नावं ठेवायचा अधिकार आपल्याला नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की गाव गावच्या माणसांनी दाखवावं. पेवाबद्दल पेववाल्यानं बोलावं, देवळाबद्दल गुरवानं, आज्जीच्या गाण्याबद्दल त्या बाईंनी. त्यांना ठरलेलं मानधन मिळावं, ते सहलीच्या दरातच धरावं. मी दिवाणजी होतो, हिशेब मला कळतो. माणशी चहा-नाश्त्याला जेवढे घेतात, तेवढ्यात हे बसतं. नाटकाबद्दल सांगायला सांगली-मिरजेतले अभ्यासू तरुण आहेत, त्यांच्या हातात तपासलेला मजकूर द्यावा. त्यात ठाम काय आणि "गावात असं सांगतात" ते काय, हे वेगळं लिहिलेलं असावं. पारावर 'शारदा' लिहिलं, हे "सांगतात" म्हणूनच सांगावं. ऐकणाऱ्याला ते तेवढंच भिडतं. मोठी बस गावाबाहेर थांबवून लोकांना चालत न्यावं. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी गावातल्याच रिक्षा घ्याव्यात.

स्मारकाच्या मागण्या आपल्याकडे नेहमी होतात. व्हावं स्मारक, मालगुंडला कवी केशवसुतांचं आहे, तसं नांदतं असेल तर जरूर व्हावं. पण त्याला जागा लागते, निधी लागतो, आणि पूररेषेतल्या गावात तर बांधकाम हाच मोठा प्रश्न. वाटाड्या तयार करायला यातलं काहीच लागत नाही. तो येत्या मोसमात तयार होऊ शकतो.

तारखाही जणू आखून ठेवल्यासारख्या आहेत. 5 नोव्हेंबर हा रंगभूमी दिन. त्या दिवशी सांगलीत विष्णुदास भावे गौरवपदक दिलं जातं, बाहेरून नाटकवाली मंडळी येतात. 13 नोव्हेंबर ही देवलांची जन्मतारीख, 1855 ची. मधल्या आठवड्यात पाणी उतरलेलं असतं, घाटाच्या पायऱ्या मोकळ्या असतात, ऊन सोसतं. या आठवड्यात रोज एक मार्गदर्शित फेरी काढावी. सकाळी सांगली, दुपारपासून संध्याकाळपर्यंत हरिपूर, आणि शेवटी पारावर तासभर वाचन आणि पदं. जानेवारी-फेब्रुवारीत दुसरी खेप घ्यावी, तेव्हा नव्या हळदीचे दिवस असतात. सहल कंपन्या, हरिपूर ग्रामपंचायत आणि सांगलीतल्या नाट्यसंस्था यांनी एकदा एकत्र बसावं. ऑर्गन न्यायचा-आणायचा खर्च माझा, साथ माझी.

आपल्या वाचकांना एक विनंती. कुणाच्या घरी 'शारदा'ची जुनी नक्कल असेल, तालमीच्या खुणा केलेली प्रत असेल, पदांच्या चालींची हातानं लिहिलेली वही असेल, तर ती आपल्या वृत्तपत्राच्या सांगली कार्यालयात कळवावी. मूळ प्रत नको, छायाप्रत पुरे. आणि आई-आजीकडून 'शारदा'तलं एखादं पद जात्यावरच्या किंवा पाळण्याच्या चालीत ऐकलं असेल, तर मोबाइलवर म्हणून पाठवावं, आवाज कसाही असो. मी ते नोटेशनमध्ये उतरवून देईन. हरिपूरच्या त्या आजींना भेटायला मी पुढच्या सोमवारी जाणारच आहे.

आपला,
एक ऑर्गन साथीदार, इचलकरंजी